घरचा फोन आणि होम ऑटोमेशन : कोणी कोणाच्या भरवशावर राहायचं?



आजचा विषय ऐकायला हौशी मंडळींचा वाटेल. घरात बाहेरून आलेल्या दोन-तीन टेलिफोन लाइनी आहेत, चार खोल्यांत चार फोन आहेत आणि आता दिवे, पाण्याची मोटर, फाटक, गॅसचा सेन्सर हे सगळं सांभाळणारं होम ऑटोमेशनचं सॉफ्टवेअरही आलं आहे. या दोघांची एकमेकांशी ओळख कशी करून द्यायची, एवढाच आजचा प्रश्न.

मोबाइलच्या जमान्यात घरच्या फोनचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. त्याला आमचं उत्तर असं की, घरातल्या प्रत्येकाला ॲप वापरता येत नाही. ऐंशी वर्षांच्या आजी, चार दिवस राहायला आलेले पाहुणे, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, पाच वर्षांचं पोर, यांना पासवर्ड, अपडेट, चार्जिंग या भानगडी नको असतात. रिसीव्हर उचलायचा आणि दोन आकडे दाबायचे, हे मात्र सगळ्यांना जमतं. शिवाय तारेचा फोन असतो त्याच जागी असतो. अंधारातही हात बरोबर तिथे जातो.

आणि म्हणूनच इथे जबाबदारी आहे. दिवा आपोआप लागला नाही तर माणूस उठून बटण दाबतो. फोन लागला नाही तर? रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखायला लागलं आणि ११२ लागलाच नाही, तर त्या घरातले दिवे कितीही हुशार असून उपयोग काय? तेव्हा आजच्या बोलण्याचं सार सुरुवातीलाच सांगून ठेवतो : घराला फोनची खबर असावी, पण फोनला घराची गरज लागू नये. आता हे तारांमध्ये आणि सेटिंगमध्ये कसं उतरवायचं, ते पाहू.

लाइन आणि एक्स्टेन्शन

अनेक लाइनींची फोन-व्यवस्था म्हटलं की दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. एक, बाहेरून येणारी लाइन, म्हणजे टेलिफोन कंपनीकडून आलेली. दुसरी, घरातल्या घरात खोलीपर्यंत गेलेलं एक्स्टेन्शन. या दोघांच्या मध्ये जो डबा बसतो त्याला आपण ईपीएबीएक्स म्हणतो. तीन बाहेरच्या लाइनी आणि आठ एक्स्टेन्शन, असे डबे आपल्याकडे दवाखान्यांत, दुकानांत आणि मोठ्या बंगल्यांत वर्षानुवर्षं चालत आले आहेत.

जोडणीचं सामान घ्यायला गेलात की एफएक्सएस आणि एफएक्सओ असे दोन शब्द कानावर पडतील. घाबरू नका. वीज कोण देतं, एवढंच बघायचं. एफएक्सएस हे पोर्ट फोनला वीज देतं आणि घंटा वाजवतं. भिंतीतलं टेलिफोनचं सॉकेट म्हणजे एफएक्सएस. एफएक्सओ हे पोर्ट वीज घेतं आणि रिसीव्हर उचलल्याचा इशारा देतं, म्हणजे ते फोनसारखं वागतं. तेव्हा खोलीतला फोन एफएक्सएसला लावायचा आणि कंपनीची लाइन एफएक्सओला. वीज देणारी दोन पोर्टं एकमेकांना जोडू नका. काम तर होणार नाहीच, उपकरण जळू शकतं.

त्या दोन तारांत चालतं काय, तेही समजून घेऊ. फोन ठेवलेला असताना तारांवर साधारण ४८ व्होल्टचा डीसी दाब असतो. रिसीव्हर उचलला की प्रवाह वाहू लागतो आणि दाब एकदम खाली येतो. एक्स्चेंजला कळतं की कोणीतरी उचलला. घंटा वाजवायची असेल तर त्याच तारांवर साधारण ७५ व्होल्टचा एसी दाब सोडतात. भारतात ही घंटा ०.४ सेकंद वाजते, ०.२ सेकंद थांबते, पुन्हा ०.४ सेकंद वाजते आणि मग २ सेकंद शांतता. आपली ओळखीची ट्रिंग-ट्रिंग ती हीच. आता रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात. इंटरनेटवर एखादं सर्किट पाहून टेलिफोनची तार सरळ त्या पिनेला लावली, तर पहिल्या घंटेलाच संगणक गेला म्हणून समजा. मध्ये योग्य पोर्ट असलेला गेटवे हवाच.

जुना डबा ठेवायचा की नवा आणायचा

घरात चालू स्थितीतला ईपीएबीएक्स असेल तर तो काढून टाकण्याची घाई करू नका. अशा बऱ्याच डब्यांना मागे एक सिरियल पोर्ट असतो आणि त्यातून प्रत्येक कॉलची एक ओळ बाहेर पडते : तारीख, वेळ, कोणतं एक्स्टेन्शन, कोणती लाइन, कोणता नंबर, किती वेळ. हॉटेलात बिल काढायला हीच ओळ वापरतात. ही ओळ होम ऑटोमेशनला वाचायला दिली की घराला फोनचा हिशोब कळतो. मात्र एक लक्षात घ्या : ही ओळ साधारणपणे कॉल संपल्यावर येते. त्यामुळे ‘फोन आला होता’ हे कळेल, ‘फोन वाजतो आहे’ हे कळणार नाही. घंटेबरोबर दिवा लुकलुकावा अशी इच्छा असेल तर हा रस्ता पुरा पडत नाही.

त्यासाठी सॉफ्टवेअरमधलं एक्स्चेंज लागतं. यातलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव म्हणजे ॲस्टरिस्क. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं. त्यांच्या नव्या छोट्या कंपनीला फोनची व्यवस्था हवी होती आणि तयार डबा परवडत नव्हता. ते मुक्त स्रोत आहे, साध्या संगणकावर चालतं आणि एसआयपी नावाच्या भाषेत फोनांशी बोलतं. तुमचे जुने फोन टाकून द्यायची गरज नाही. एक-दोन एफएक्सएस पोर्टं असलेला अडॅप्टर घ्यायचा; त्याच्या एका बाजूला घरातलं नेटवर्क, दुसऱ्या बाजूला जुना फोन. कंपनीच्या लाइनीसाठी एफएक्सओ पोर्ट असलेला गेटवे. मग नंबर वाटून द्यायचे : २०१ स्वयंपाकघर, २०२ आजींची खोली, २०३ वरचा मजला, २०४ फाटक. आजच्या उदाहरणांत हेच नंबर धरून चालू.

दुसऱ्या बाजूला घराचं सॉफ्टवेअर. त्यातलं आज बहुतेकांच्या ओळखीचं म्हणजे होम असिस्टंट. पाउलस स्खाउत्सेन यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं. २०२३ मध्ये त्यात अशी सोय आली की अडॅप्टरला लावलेला जुना फोन उचलायचा आणि घराशी बोलायचं. एकाच फोनसाठी ती सोय छान आहे. पण अनेक लाइनी आणि अनेक खोल्या असतील तर मध्ये एक्स्चेंज पाहिजेच, कारण कोणता कॉल कुठे जाईल हे ठरवणं हे एक्स्चेंजचं काम आहे, घराच्या सॉफ्टवेअरचं नाही.

मधला पोस्टमन

आता मुख्य जोडणी. दोघांना थेट एकमेकांच्या गळ्यात बांधू नका. मध्ये एक पोस्टमन ठेवा. एमक्यूटीटी नावाची पद्धत यासाठी उत्तम. ही १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी तयार झाली, म्हणजे कमकुवत दुव्यावर छोटे निरोप पाठवण्यासाठीच. ॲस्टरिस्ककडून घटनांची खबर मिळवायला एक व्यवस्थापकीय दरवाजा असतो, तिथे एक छोटा प्रोग्रॅम कान लावून बसतो. ‘लाइन १ वाजते आहे’, ‘२०२ ने उचलला’, ‘कॉल संपला’, असे तीन प्रकारचे निरोप तो पोस्टमनकडे टाकतो. घराला हवे ते निरोप घर उचलतं. एमक्यूटीटीत आणखी एक सोय आहे, तिला ‘शेवटची इच्छा’ म्हणतात. तो प्रोग्रॅम अचानक बंद पडला की आधीच ठेवलेला निरोप पोस्टमन आपणहून सगळ्यांना पोचवतो : ‘फोनकडची खबर आता येत नाही.’ म्हणजे शांतता ही फोन न आल्यामुळे आहे की खबऱ्याच गेल्यामुळे, हे घराला कळतं.

उलट दिशेनं, म्हणजे घराकडून फोनकडे जायचं, तर ॲस्टरिस्कमध्ये एक अगदी साधी युक्ती आहे. ठरावीक फोल्डरमध्ये चार ओळींची फाइल टाकली की एक्स्चेंज तो कॉल लावतं. फक्त ती फाइल दुसरीकडे पूर्ण लिहून मग त्या फोल्डरमध्ये हलवायची. तिथेच लिहायला बसलात तर अर्धवट फाइल उचलली जाते.

एवढ्या भांडवलावर काय काय होतं बघा. बाहेरची लाइन वाजली की टीव्हीचा आवाज उतरतो. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांच्या खोलीतला दिवा घंटेच्या तालावर लुकलुकतो. कोणत्याही खोलीतून ७१ दाबलं की पाण्याची मोटर सुरू, ७२ दाबलं की बंद. टाकी भरली की स्वयंपाकघरातला २०१ वाजतो आणि आवाज येतो, ‘टाकी भरली, मोटर बंद केली.’ हा आवाज संगणकाचा असायलाच हवा असं नाही. घरातल्याच कोणाचा तरी रेकॉर्ड करा. टेलिफोनला सेकंदाला ८००० नमुन्यांचं मोनो रेकॉर्डिंग पुरतं. ओळखीचा आवाज आला की आजी दचकून फोन ठेवत नाहीत. आणि आकडे की बोलणं, यावर आमचं मत स्पष्ट आहे : गमतीच्या कामाला बोलणं, गरजेच्या कामाला आकडे. आकड्याचा स्वर भाषा, खोकला, मिक्सरचा आवाज यांत सहसा अडकत नाही.

निरोप पोचला, हे कोणी ठरवायचं?

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. समजा, आजी दिवसभर एकट्या असतात आणि त्यांच्याच संमतीनं ठरलं आहे की रोज सकाळी आठ वाजता २०२ वाजेल. त्यांनी उचलून १ दाबला की झालं. नाही दाबला तर शेजारी किंवा मुलाला कळवायचं. कल्पना सुंदर आहे. पण तिच्यात दोन खड्डे आहेत आणि ते आधी बुजवले नाहीत तर व्यवस्था नसलेली बरी.

पहिला खड्डा. कॉल लागला नाही याची कारणं एक्स्चेंज वेगवेगळी सांगतं : वाजला पण उचलला नाही, फोन व्यस्त आहे, फोन जोडलेलाच नाही. या तिघांना एकाच पिशवीत टाकू नका. उचलला नाही, तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा, मग तिसऱ्यांदा, मग शेजाऱ्यांना निरोप; आजी अंघोळीला गेल्या असतील. जोडलेलाच नाही, तर तो अडॅप्टरचा किंवा विजेचा दोष. शेजाऱ्यांना ‘आजी उचलत नाहीत’ असं सांगून पळवायचं नाही, ‘फोन बंद पडला आहे, जमलं तर एकदा डोकावा’ असं सांगायचं. आणि व्यस्त असेल तर बहुधा आजी बहिणीशी बोलत असतील, कौतुकच आहे. पण तोच फोन दोन तास व्यस्त राहिला तर? रिसीव्हर नीट ठेवला गेला नसेल, किंवा तो हातातून पडला असेल आणि त्याबरोबर माणूसही. व्यस्त हे उत्तर पहिल्या दहा मिनिटांत चांगली बातमी असते, दोन तासांनी तीच धोक्याची असते.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. गॅस सेन्सरनं इशारा दिला, घरानं एक्स्चेंजला सांगितलं, एक्स्चेंजनं बाहेरच्या तारेच्या लाइनीवरून मुलाच्या मोबाइलला फोन लावला. आता मुलानं उचलला, हे एक्स्चेंजला कसं कळणार? साध्या ॲनालॉग लाइनीवर बहुतेक वेळा ते कळतच नाही. आकडे दाबून झाले की एफएक्सओची बाजू कॉल ‘उचलला गेला’ असंच धरते. काही लाइनींवर पलीकडे उचलल्यावर तारांची ध्रुवता उलटते, तेव्हा खूण मिळते. पण ती प्रत्येक लाइनीवर असेलच असं नाही. परिणाम काय? मुलाच्या मोबाइलची घंटा अजून वाजते आहे आणि इकडे एक्स्चेंज रिकाम्या लाइनीवर निरोप वाचून मोकळं झालं. वर नोंदीत ‘निरोप दिला’ असंही लिहिलं. किंवा ‘आपण डायल केलेला क्रमांक बंद आहे’ म्हणणाऱ्या बाईंना गॅसगळतीची बातमी कळवली.

यावर इलाज एकच आणि तो सोपा आहे. निरोप पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचं, ‘निरोप मिळाला असेल तर १ दाबा.’ १ आला तरच पोचला. नाही आला तर पुढचा नंबर. माणसानं होकार दिल्याशिवाय यंत्रानं काम झालं म्हणायचं नाही, हा नियम घरातल्या-घरातल्या कॉललाही लावा. गॅसच्या बाबतीत तर घरातला भोंगा आधी वाजला पाहिजे आणि तो सेन्सरनं स्वतः वाजवला पाहिजे. फोन त्याच्या मागून.

आपल्याकडच्या लाइनींच्या खोडी

परदेशी माहिती वाचून सेटिंग केली की आपल्याकडे दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे कॉलर आयडी. अमेरिकेत नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मध्ये येतो. आपल्याकडच्या बऱ्याच लाइनींवर घंटेच्या आधी तारांची ध्रुवता उलटते आणि नंबर बटणांच्या स्वरांत, म्हणजे डीटीएमएफमध्ये येतो. ॲस्टरिस्कच्या लाइन-कार्डाच्या सेटिंगमध्ये भारतासाठी यासंबंधीचा वेगळा पर्यायच ठेवलेला आहे. गेटवे घेताना त्यात डीटीएमएफ कॉलर आयडी आहे का, हे आधी विचारा.

दुसरं म्हणजे फोन ठेवल्याची खूण. पलीकडच्यानं फोन ठेवला तरी एफएक्सओला ते आपोआप कळेलच असं नाही. त्याला व्यस्ततेचा टोन ऐकून ओळखावं लागतं. भारतात हा टोन ४०० हर्ट्झचा, ०.७५ सेकंद आवाज आणि ०.७५ सेकंद शांतता असा असतो. गेटवेत दुसऱ्या देशाचे आकडे राहिले तर कॉल संपूनही लाइन अडकून राहते आणि पुढचा फोन येतच नाही. बाहेरून फोन करणाऱ्याला वाटतं, घरचे लोक तासन् तास बोलताहेत. म्हणून देश निवडण्याची सेटिंग सगळ्यांत आधी तपासा.

वीज गेली तर

जुन्या तांब्याच्या लाइनीला वीज एक्स्चेंजमधून मिळायची. घरात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबर आल्यावर ते राहिलं नाही. फायबरच्या डब्यातून निघणाऱ्या फोनला घरचीच वीज लागते. म्हणजे आता साखळी मोजा : फायबरचा डबा, राउटर, नेटवर्क स्विच, एक्स्चेंजचा संगणक, अडॅप्टर. यातलं एक जरी इन्व्हर्टरवर नसेल तरी फोन बंद. दिव्यांना इन्व्हर्टर देऊन राउटरला साधं सॉकेट, ही चूक घरोघरी दिसते.

म्हणून एक फोन असा ठेवा जो या साखळीत येतच नाही, सरळ लाइनीवर किंवा सरळ फायबरच्या डब्यावर. काही गेटवेंमध्ये अशी सोय असते की त्यांची वीज गेली की आतला रिले पडतो आणि फोन थेट बाहेरच्या लाइनीला जोडला जातो. घेताना ती विचारून घ्या. आणि ११२ चा कॉल लावण्याच्या वाटेत होम असिस्टंट, पोस्टमन, इंटरनेट यांपैकी काहीही येऊ देऊ नका. तो एक्स्चेंजमधून सरळ लाइनीवर गेला पाहिजे.

कुलूप आणि कायदा

सुरक्षिततेबद्दल तीन गोष्टी. कॉलर आयडी ही किल्ली नव्हे. मुलाच्या नंबरवरून फोन आला की फाटक उघड, असा नियम करू नका. नंबर खोटा दाखवता येतो. आकड्यांचा गुप्त क्रमांक ठेवा आणि तीनदा चुकला की तो रस्ता काही वेळ बंद. दुसरी गोष्ट, घरातलं एक्स्चेंज इंटरनेटवर उघडं ठेवू नका. एसआयपीचं नेहमीचं पोर्ट ५०६० शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. आत शिरले की तुमच्या लाइनीवरून परदेशी महागडे कॉल लावतात. बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएननं या, आणि गरज नसेल तर आयएसडी बंद ठेवा. तिसरी गोष्ट कायद्याची. घरातल्या घरात इंटरकॉम चालवणं वेगळं आणि परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल आपल्या लाइनीतून देशातल्या फोन-जाळ्यात सोडणं वेगळं. परवान्याशिवाय दुसरं करणं हा गुन्हा आहे. ‘अमेरिकेतला भाऊ फुकट बोलेल’ म्हणून असला प्रकार करू नका. त्याला साधा व्हिडिओ कॉल पुष्कळ आहे.

क्रम कोणता ठेवावा

शेवटी, कामाचा क्रम. आधी नुसती फोनची व्यवस्था उभी करा, घराच्या सॉफ्टवेअरशिवाय, आणि आठवडाभर वापरा. मग फक्त खबर घ्या, म्हणजे घर ऐकेल पण काही करणार नाही. मग दिवे आणि मोटर. आठ वाजताच्या फोनसारखी माणसाच्या जिवाशी संबंध असलेली गोष्ट सगळ्यांत शेवटी, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांना शेजारी बसवून, त्यांच्या हातानं बटण दाबून घेऊन.

प्रत्येक पायरीनंतर एकच परीक्षा घ्यायची. होम असिस्टंटच्या संगणकाचा प्लग काढा आणि २०१, २०२, २०३, २०४ अशा चारही फोनांवरून बाहेर फोन लावून बघा. लागला तर पुढे जा. न लागल्यास मागे या, मग दिवे कितीही छान लुकलुकत असोत. नंतर मेन स्विच बंद करून पुन्हा तेच, तो साखळीबाहेरचा फोन धरून. ही परीक्षा वर्षातून दोनदा तरी घ्या. पावसाळ्याच्या आधी एकदा नक्की.

आणि नंबरांची यादी जाड अक्षरात कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवा. ती संगणकात असून आजींच्या कामाची नाही.

वेळ झाली आहे, इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.